चार टक्के रोहिणी

"माझ्या कानाला फसवणारा आवाज अजून जन्माला यायचाय! एसटीचा हॉर्न कुठल्या पट्टीत वाजतो, ते मी घरात बसून सांगतो. शेजारच्यांच्या मिक्सरमध्ये खोबरं ओलं आहे की सुकं, तेही सांगतो. आणि आमच्या हिला उद्या सर्दी होणार असली, तर ती मला आजच हिच्या 'अहो'मधून कळते!"

हे मी कऱ्हाडच्या टाउन हॉलमध्ये, माझ्या पासष्टीच्या सत्काराला उत्तर देताना म्हणालो. टाळ्या झाल्या. मी वाकून, हात जोडून खाली बसलो. शेजारी बसलेल्या रोहिणीनं मला कोपरानं ढोसलं आणि कागदावर लिहून दाखवलं, "माइक केव्हाचा बंद होता. टाळ्या वायरमनला आहेत."

वायरमन खरंच माझ्या मागे उभा राहून लोकांना नमस्कार करत होता.

त्या दिवशी माझ्या बहिरेपणाचं जाहीर उद्घाटन झालं असं समजा.

मी अनंत तांबवेकर. संगीतकार. तुम्ही माझं नाव ऐकलं नसेल, पण माझं काम नक्की ऐकलंय. आपल्याकडे समारंभ म्हटला की आधी ईशस्तवन, मग दीपप्रज्वलन, मग पाच मुली आणि एक पेटी मिळून स्वागतगीत. गेली चाळीस वर्षं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जितकी स्वागतगीतं झाली, त्यातली निम्मी माझी. धंद्याचं गुपित सांगतो. चाल एकच असते, पाहुण्याचं नाव बदलायचं. माझ्या सगळ्या चाली 'आबासाहेब', 'दादासाहेब', 'काकासाहेब' या मापाच्या शिवलेल्या आहेत. कुणीही साहेब आणा, फिट्ट बसतो.

या सगळ्या चाली पहिल्यांदा गायली ती रोहिणी, माझी बायको. ती गाऊन बघायची, मी ऐकून दुरुस्त करायचो. तिचा आवाज म्हणजे... जाऊ दे. त्याच आवाजासाठी मी लग्न केलं, आणि हे तिलाही माहीत आहे.

बहिरेपण वाढत गेलं तसे लोक मला धीर द्यायला लागले. धीर म्हणजे तो जर्मन संगीतकार. ठार बहिरा झाला तरी थांबला नाही, वगैरे. पोस्टमननं सांगितलं, न्हाव्यानं सांगितलं, ज्ञानसंवर्धिनी संस्थेच्या सचिवांनी तर फ्रेम करून दिलं. रोहिणी वैतागून म्हणाली, "त्या जर्मनाच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, ते नाही कुणी सांगत."

पण मला खरं सांगायचं तर त्याचा आधार वाटायचा. तो म्हणे काठी दातात धरून पियानोला टेकवायचा, हाडांतून सूर कळावेत म्हणून. मीही एका सकाळी पेटीच्या फळीला दात लावले आणि भाता मारला. वरची कवळी निसटून भात्यात गेली. पेटी दुरुस्तीला मिरजेला पाठवली. तिथल्या कारागिरानं उघडून बघितली आणि फोनवर रोहिणीला विचारलं, "वहिनी, सर बरे आहेत ना?"

मग आम्ही डॉक्टर ऋजुता गोसावींकडे गेलो. कानाच्या डॉक्टर, वयानं आमच्या भाचीएवढ्या. त्यांनी मला 'कर्णसखी' बसवली.

ही भानगड समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आपल्या कानाच्या आत हजारो बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या हलल्या की आवाज मेंदूला कळतो. माझ्या जवळजवळ सगळ्या मेल्या होत्या. जुन्या यंत्रात त्यांच्या जागी वीसबावीस तारा घालायचे. म्हणजे हजार माणसांचं काम वीसबावीस जणांवर. ऐकू यायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावरची खडी.

"आम्ही काय केलंय काका," डॉक्टर मला लिहून दाखवत होत्या, "मेंदू तसाही बरंचसं अंदाजानं ऐकतो. स्टँडवर 'प्रवाशांनी कृपया' एवढं झालं की 'लक्ष द्यावे' हे तुमच्या डोक्यात आधीच वाजतं. कर्णसखीचा एक धागा मेंदूच्या त्या भागाला टेकलेला असतो. तुम्ही काय ऐकायच्या तयारीत आहात ते ती ओळखते. बाहेरून येणारा आवाज तोकडा असतो, उरलेला ती तुमच्या आठवणीतून भरून काढते. अख्खा, स्वच्छ."

"आणि अंदाज चुकला तर?"

"अनोळखी माणसाच्या बाबतीत ती बाहेरचाच आवाज जास्त घेते. ओळखीच्या माणसाचा अंदाज सहसा चुकत नाही."

यंत्र चालू झालं. रोहिणी समोर होती. तिचे ओठ हलले आणि मला ऐकू आलं, "अहो, ऐकू येतंय का?"

अगदी तोच आवाज. ओला, उंच, कडेला किंचित मध लागलेला. मी दवाखान्यात लहान पोरासारखा रडलो. ती पुढे काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं, "चला, आता चहा घेऊ." आम्ही चहा घेतला.

पुढचे काही महिने मी सुखात होतो. माझ्या चाली मला इतक्या सुरेल कधीच ऐकू आल्या नव्हत्या. मी स्वागतगीतं बसवायचो त्या शाळेच्या मुलींत एक ठार बेसूर मुलगी होती, तीही सुधारली. मला वाटलं, माझं शिकवणं.

मग आलं ज्ञानसंवर्धिनी संस्थेचं स्नेहसंमेलन. पाहुणे होते आबासाहेब. मुलींनी महिनाभर 'या हो आबासाहेब' घोटलं. ऐन वेळी आबासाहेब दुसरीकडे गेले आणि संस्थेचे सचिव पिसाळ धावपळ करून दादासाहेबांना घेऊन आले. दादासाहेब म्हणजे आबासाहेबांचे जन्माचे वैरी, तीन निवडणुका एकमेकांविरुद्ध लढलेले. मी पडद्यामागे मुलींना गोळा केलं. "आबाच्या जागी दादा. बास." मुलींनी माना हलवल्या.

गीत सुरू झालं. मी पेटीवर. 'या हो दादासाहेब', स्वच्छ, एका सुरात. मी मान डोलावत होतो. दादासाहेब का कोण जाणे, लाल होत चालले होते. दुसऱ्या कडव्याला ते उभे राहिले. मला वाटलं, आदरानं. मी पेटीवरूनच त्यांना नमस्कार केला. चौथ्या कडव्याला ते गाडीत होते.

पिसाळ माझ्याकडे धावत आले. कपाळाची शीर उडतेय, हात हवेत. आणि मला ऐकू आलं, "वा सर, अतिशय सुंदर! तुमचा हात धरणारा नाही कुणी." वीस वर्षं प्रत्येक कार्यक्रमानंतर ते हेच म्हणत आलेत. मी कृतज्ञतेनं त्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो हिसडला. मी म्हणालो, "तुमच्यासारखे रसिक आहेत म्हणून आम्ही आहोत." पिसाळांनी माझी पेटी उचलून मैदानात नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी रोहिणी मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी यंत्रातली माहिती पडद्यावर काढली. प्रत्येक माणसाच्या नावापुढे एक आकडा होता. त्या माणसाचा खरा आवाज किती टक्के आत येतो, त्याचा. काल पहिल्यांदाच भेटलेला रिक्षावाला, एक्क्याण्णव. भाजीवाली, साठ. पिसाळ, अकरा.

"म्हणजे जितकं माणूस जवळचं..." मी म्हणालो.

"तितका यंत्राला अंदाजाचा भरवसा जास्त," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आकडा बरा होता, म्हणून त्या काय म्हणाल्या ते मला कळलं.

सगळ्यात खाली होती रोहिणी. चार.

मी हसायला लागलो. चाळीस वर्षांच्या संसारात चार टक्के ऐकणारा नवरा, हे काही बातमी छापण्यासारखं नाही, असं काहीतरी बोलणार होतो. तेवढ्यात रोहिणी डॉक्टरांना काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं, "यांचं हे असंच असतं." पण डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, आवाज किती दिवस असा बसलाय?"

"बसलाय? कुणाचा?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनी टेबलावरची कळ दाबून माझ्या यंत्रातला अंदाज बंद केला.

स्टीलच्या डब्यात कुणी वाटाणे हलवावेत तसं काहीतरी रोहिणीच्या ओठांतून येत होतं. मला एकही शब्द लागला नाही. तिचं बोलणं डॉक्टरांनी मला लिहून दिलं.

"दिवाळीपासून सांगतेय यांना. घसा खरखरतो, गिळताना टोचतं. हे म्हणतात, घेऊ की चहा. मला वाटलं, यांचा कान एवढा तयार. यांना माझ्या आवाजात काही खटकत नाही, म्हणजे काही नसेलच."

ते वाक्य मी किती वेळा वाचलं, सांगता येणार नाही.

तपासण्या झाल्या. गाठ स्वरयंत्रावर होती. घशाचे डॉक्टर सरळ माणूस, त्यांनी सरळ सांगितलं. घोगरेपणा सुरू झाला तेव्हाच आला असतात तर किरणांवर भागलं असतं. आता स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशन महिन्याभरानं.

घरी आलो. मी पेटीपुढे बसलो, उघडली नाही. मला एकच गोष्ट हवी होती. तो आवाज जायच्या आत एकदा ऐकायचा. खरा, आत्ताचा, जसा असेल तसा.

डॉक्टर गोसावी म्हणाल्या, अंदाज बंद ठेवून ऐकायचा सराव होऊ शकतो. मेंदू त्या खडीतूनही हळूहळू शब्द वेचायला शिकतो. लोकांना वर्ष लागतं. "ओळखीच्या माणसाशी भरपूर बोला," त्या म्हणाल्या. घशाच्या डॉक्टरांनी रोहिणीला सांगितलं होतं, अजिबात बोलू नका. दोन्ही डॉक्टर एकाच इमारतीत बसतात.

शेवटी रोहिणीनंच तोडगा काढला. पाटीवर लिहिलं, "रोज दहा वाक्यं. रेशन."

बाकीचा दिवस मी परक्या आवाजांवर कान घासत बसायचो. सकाळी रेडिओवरचे बाजारभाव, दुपारी मंडईत. भाजीवालीला मी एकेका भाजीचा भाव पाचपाचदा विचारायला लागलो. तिनं शेवटी मेथीची जुडी फुकट दिली आणि जा म्हणाली. 'जा' मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. मी घरी येऊन रोहिणीला अभिमानानं सांगितलं.

संध्याकाळी तिची दहा वाक्यं. मी तिच्या गळ्यावर तळवा ठेवायचो, डोळे मिटायचो आणि ऐकायचो. पहिल्या दिवशी वाटाणे. काही दिवसांनी वाटाण्यांत एक 'अहो' सापडलं. त्यातही आमची वाक्यं वाया जायची. एकदा गॅस बंद करायचा राहिला म्हणून सहा वाक्यं भांडणातच गेली. सातवं तिनं "आणि तो टॉवेल!" असं टॉवेलवर खर्च केलं.

एका दुपारी माझ्याच्यानं राहवलं नाही. ती स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत होती. मी कानामागची कळ दाबून अंदाज चालू केला. तो आवाज आला. ओला, उंच, मधाचा. मी खुर्चीत डोळे मिटून बसलो. डोळे उघडले तर रोहिणी समोर उभी. मी नको तिथे हसत होतो म्हणून तिला कळलं.

"तिला भेटून आलात ना?" ती म्हणाली. तोवर मी घाईनं कळ पुन्हा बंद केली होती. मला शब्द लागले.

"कुणाला गं?"

"त्या अठ्ठावीस वर्षांच्या सटवीला. मी इथं रक्त थुंकतेय, आणि तुम्ही तिच्याबरोबर चहा घेताय."

त्या दिवसाची तिची सात वाक्यं शिल्लक होती. त्यानंतर ती एकही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे जाऊन तो धागाच कापून घेतला. अंदाज कायमचा बंद. डॉक्टर म्हणाल्या, परत जोडता येणार नाही, संगीत पुन्हा कधी संगीतासारखं ऐकू येणार नाही. मी म्हणालो, पन्नास हजार स्वागतगीतं झाली, पुष्कळ झालं. पन्नास हजार हा आकडा मी फुगवला होता.

रोहिणीला सांगितलं तेव्हा तिनं कानामागची पट्टी बोटानं चाचपून बघितली. मग म्हणाली, "आयुष्यभर आमदारांचं स्वागत केलंत. माझं एकदा करा."

मी पेटी उघडली. आणि अडलो. माझ्या सगळ्या चाली साहेबांच्या मापाच्या. रोहिणी म्हणजे पाच मात्रा. कुठेच बसेना. दादासाहेबांच्या चालीत घातली तर नाव संपून चाल लोंबकळत राहायची.

"पाच दुणे दहा, म्हणजे झपताल," मी तक्रार केली. "झपतालात कुणी स्वागतगीत करतं का? पाहुणा अर्ध्यात बसतो."

"मग बसू दे की," ती म्हणाली. "दमलाय पाहुणा."

झपतालात केलं. तिच्या गळ्यात तेव्हा चारच सूर उरले होते, सा ते मध्यम. मी त्यापलीकडे पाऊल टाकलं नाही. पेटीचे सूर मला कळत नव्हते, सगळे एकसारखे खडखडायचे. मी बोटांच्या सवयीवर केलं, चुकलं की तिनं मान हलवायची. चाळीस वर्षं मी तिला दुरुस्त केलं होतं. आता उलटं चाललं होतं आणि ती फार कडक होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी इस्पितळातल्या आवाजपेढीत जायचं होतं. रक्तपेढी असते तशी ही. एका केबिनमध्ये बसून पेशंटनं वीस मिनिटं बोलायचं. तो नमुना पुढे गळ्यातल्या पट्ट्यात भरतात. मग पेशंटनं नुसते ओठ हलवले तरी पट्टा त्याच्या आवाजात बोलतो. कंपनीच्या माणसानं विचारलं, "जुनं रेकॉर्डिंग आहे का, मॅडम? तरुणपणचं? तेही चालेल. लोक तेच देतात."

माझ्याकडे ढीगभर होतं. मी तोंड उघडायच्या आत रोहिणीनं पाटीवर लिहिलं, "नाही."

"मी फोनवर काढून घेऊ का हे?" मी विचारलं.

"उपयोग नाही काका, फोन सगळी घरघर पुसूनच साठवतो. आणि आमच्या नमुन्याची प्रत देता येत नाही. आवाजचोरीचा कायदा आहे."

तिनं ठरलेली वाक्यं वाचली. मग मला आत बोलावलं, समोर बसवलं, माझा तळवा गळ्यावर ठेवून घेतला आणि गायली.

काय ऐकलं ते सांगतो. पेटीतून कळत नव्हतं, ते महिनाभर तळव्याखाली घोटलेल्या या एका गळ्यातून कळलं. आधी हवा. मग हवेत कुठेतरी एक फाटका सा. रिषभावर जाताना आवाज दोनदा घसरला, तिनं दोनदा उचलला. गंधार लागलाच नाही, त्याच्या खाली कुठेतरी अंधारात चाचपडत राहिला. मध नव्हता, ओल नव्हती. वाळूवर कुणी पाय ओढत चालावं तसं. पण ती प्रत्येक पावलाला होती. माझ्या आठवणीतलं त्यात काहीच नव्हतं. 'या हो रोहिणी' म्हणताना ती किंचित लाजली, तेसुद्धा आवाजात आलं. तिचं असं लाजणं मी आधी कधी ऐकलं होतं का, मला माहीत नाही. इतकी वर्षं मी तिचे फक्त सूर बघत होतो.

गाणं संपलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "गंधार बेसूर लागला."

तिचा चेहरा उजळला. "लागला ना? ऐकू आला?"

"पार उतरला होता. रिषभही थरथरत होता."

"अजून सांगा," ती म्हणाली, आणि माझे दोन्ही हात धरले. आम्ही त्या केबिनमध्ये तिच्या चुका मोजत बसलो. तिला हसू आवरत नव्हतं, आणि मला बाकीचं काहीच आवरत नव्हतं. कंपनीच्या माणसानं काच वाजवली. पुढचा पेशंट थांबला होता.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ पूर्ण निघाली. जखम भरेपर्यंत आम्ही पाटीवर बोललो. रोहिणी पाटीवरही फार बोलते.

मग पट्टा बसवायचा दिवस आला. तिनं नवी साडी नेसली होती. पट्टा गळ्याला लावला, दिवा लागला, तिनं माझ्याकडे बघून ओठ हलवले.

"अहो, ऐकू येतंय का?" पट्टा म्हणाला. आवाज भरदार, पुरुषी, मराठवाडी हेलाचा.

रोहिणीनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई," तो माणूस तिच्या गळ्यातून म्हणाला.

चौकशीत निघालं, की त्याच दिवशी जालन्याच्या कुणा निवृत्त कंडक्टरांचाही नमुना घेतला होता, आणि दोन्हींची अदलाबदल झाली. ते गृहस्थ चार दिवसांपासून रोहिणीच्या आवाजात घरच्यांना हाका मारत होते. मी कंपनीला म्हटलं, त्यांना परत करायला सांगण्याआधी मला एकदा फोनवर ऐकू द्या. नंबर देता येत नाही, म्हणाले.

आठवड्यानं कंपनीचं उत्तर आलं. आवाज चुकीच्या व्यक्तीकडे गेल्यामुळे कायद्याप्रमाणे दोन्ही मूळ नमुने कायमचे पुसण्यात आले आहेत. नव्या नमुन्यासाठी पेशंटनं स्वतः केबिनमध्ये येऊन वीस मिनिटं बोलावं. आम्हाला मंगळवारची वेळ दिली आहे.